कानातली न थांबणारी शिट्टी: ती जाईल का, आणि गेली नाही तर पुढे काय?

प्रश्न: पंचगंगाकाठ (इचलकरंजी)

नमस्कार. माझे वय ५२ आहे. तरुणपणी साध्या यंत्रमागांवर जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणून काम केले आणि आता त्याच कारखान्यात दिवाणजी म्हणून हिशेब पाहतो. माझी बसण्याची खोली मागांच्या शेडला लागून आहे आणि मध्ये केवळ पत्र्याचे दार आहे, त्यामुळे पाळी चालू असेपर्यंत धोट्याचा, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या भागाचा, ठोका कानांवर पडतच असतो. गेल्या पावसाळ्यात दोन्ही कानांत एक बारीक, न तुटणारी शिट्टी सुरू झाली. उजवीकडे ती किंचित अधिक जाणवते. सर्दीने दडे बसले असावेत असे आधी वाटले, पण सर्दी गेली आणि शिट्टी राहिली.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मळ काढला, पडदे शाबूत असल्याचे सांगितले आणि श्रवणचाचणी करवून घेतली. ऑडिओग्रामवर, म्हणजे त्या चाचणीच्या आलेखावर, २००० हर्ट्झपर्यंत सारे ठीक आहे. ४००० हर्ट्झला मात्र दोन्ही रेषा खाली उतरल्या आहेत, उजवीकडे ५० आणि डावीकडे ४५ डेसिबलपर्यंत, आणि ८००० ला त्या पुन्हा थोड्या वर येतात. बीटाहिस्टीनच्या आणि गिंकोच्या गोळ्या काही महिने घेतल्या, परंतु कणभरही फरक पडला नाही. पुढच्या भेटीत "याला औषध नाही, सवय करून घ्या" एवढेच ऐकून मी बाहेर आलो. डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, माझ्यामागे रांगही मोठी होती. परंतु सवय करून घ्यायची म्हणजे सकाळी उठल्यापासून नेमके काय करायचे, हे मला कोणीही सांगितलेले नाही.

दिवसा मागांच्या आवाजात ती शिट्टी बुडून जाते. घरी आल्यावर, जेवणे आटोपून दिवे मालवले की ती खोलीभर पसरते. रात्री दोन-अडीचला जाग आली की पुन्हा झोप लागत नाही. सकाळी न्हाणीघराचे दार लावून, नळ घट्ट बंद करून मी उभा राहतो आणि कालच्यापेक्षा आज आवाज कमी आहे का, याचा अंदाज घेतो. बहुधा तो कमी नसतो, आणि तो दिवस तिथेच नासतो. घरातल्या कोणाला काहीच ऐकू येत नसल्यामुळे "तुम्ही फार मनावर घेता" असे ऐकून घ्यावे लागते. अलीकडे फोनवर सुताचे व्यापारी "साठ" म्हणाले की "आठ", हे दोनदा विचारावे लागते आणि त्याचीही धास्ती वाटू लागली आहे.

हा आवाज कधी पूर्णपणे जातो का? गेला नाही तर वाढत जाऊन बहिरेपण येते का? मेंदूचा एमआरआय करून घ्यावा का? आणि या वयात कामाची जागा सोडणे परवडणारे नसताना मी काय करावे? ज्यांना अनुभव आहे किंवा या विषयाचे शिक्षण आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: खाडीपल्याड (भिवंडी)

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या डाव्या कानात गेली अनेक वर्षे रातकिड्यांसारखा आवाज आहे. तो एकाच कानात असल्यामुळे डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला होता आणि त्यात काही निघाले नाही. आवाज गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण खोटा दिलासा मिळाला तर तुम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच येऊन उभे राहाल. मात्र पहिल्या वर्षी जे माझे हाल होते, त्यांच्याशी आजच्या माझ्या दिवसाचे काही साम्य उरलेले नाही.

तुम्ही यंत्रमागाच्या गावातले आहात, म्हणून तुम्हाला पटेल असे एक उदाहरण देतो. आमच्या भिवंडीत मागांना भिंत लागून घरे आहेत. त्या घरांतली लहान मुले खडखडाटात गाढ झोपतात आणि मध्यरात्री वीज जाऊन माग थांबले की जागी होतात. मागाचा आवाज त्यांच्या कानांपर्यंत पोहोचत नाही असे नाही, त्यात आपल्या कामाचे काही नाही हे मेंदूने ठरवून टाकलेले असते. आपल्या कानातल्या आवाजाचेही कालांतराने असेच होते. हे जाणूनबुजून घडवून आणता येत नाही, पण त्याच्या आड येणाऱ्या काही गोष्टी टाळता येतात.

त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे तुमची ती न्हाणीघरातली तपासणी. शांत जागी जाऊन आवाज शोधला की तो सापडणारच, आणि रोज शोधला की ही वस्तू महत्त्वाची आहे असाच निरोप मेंदूला मिळत राहतो. मी ती सवय मोडण्यासाठी सकाळी उठल्याबरोबर स्वयंपाकघरात जाऊन रेडिओ लावू लागलो. बातम्या ऐकण्याची फारशी हौस होती असे नाही, चहा उकळेपर्यंत कानांना दुसरे काही मिळावे एवढाच उद्देश होता.

दुसरी गोष्ट रात्रीची. खोली निःशब्द ठेवू नका. मी टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावतो, त्यामुळे वारा अंगावर येत नाही आणि एक सपाट घरघर मिळते. हिवाळ्यात मोबाइलवर पावसाचा आवाज लावतो. आवाज झाकून टाकण्याच्या ईर्षेने तो मोठा करू नये. दोन्ही आवाज एकत्र ऐकू येतील इतपतच ठेवावा. फरक आठवड्यात कळत नाही. एखाद्या दुपारी पेपर तपासून संपल्यावर लक्षात येते की मधला तास आवाजाची आठवणच झाली नव्हती, आणि अर्थातच त्या क्षणी तो पुन्हा ऐकू येतो. असे तास हळूहळू वाढत जातात. आजही ताप आला, जागरण झाले किंवा घरात काही ताणाचे चालू असले की आवाज डोके वर काढतो, पण आता मी त्याच्यामागे जात नाही.

उत्तर: श्रवणरेषा (पुणे)

मी श्रवणतज्ज्ञ आहे. येथे लिहिलेले तपासणीची जागा घेऊ शकत नाही, परंतु तुम्ही दिलेले आकडे पुरेसे स्पष्ट असल्यामुळे त्यांच्या आधारे काही सांगता येईल.

४००० हर्ट्झच्या आसपास खाली उतरून ८००० ला पुन्हा वर येणारी रेषा ही मोठ्या आवाजात दीर्घकाळ काम केलेल्या माणसाची ओळखीची खूण आहे. अंतर्कर्णातील शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात, जन्मतः ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ ते १६ हजार केसपेशी असतात आणि माणसात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कर्णनलिकेची घडणच अशी आहे की ३००० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी तिच्यात अधिक तीव्र होतो, म्हणून कारखान्याच्या गोंगाटाचा फटका ३००० ते ६००० हर्ट्झ या पट्ट्यातील पेशींना आधी बसतो. त्या पट्ट्यातून येणारे संदेश कमी झाले की श्रवणमार्गावरील मेंदूची केंद्रे आपली संवेदनशीलता वाढवतात आणि मग त्या मार्गातील मूळचीच अंतर्गत हालचाल ध्वनी म्हणून जाणवू लागते. ही आज सर्वाधिक मान्य असलेली उपपत्ती आहे. तुमची शिट्टी बारीक, वरच्या पट्टीतली आहे, याचाही तिच्याशी मेळ बसतो.

अशी अंतर्गत हालचाल निरोगी माणसातही असते. हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ मध्ये चांगले ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसवले, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकल्याचे सांगितले. न्हाणीघराच्या दाराआड तुम्ही रोज हाच प्रयोग स्वतःवर करत आहात, आणि तोही खराब झालेल्या कानांनिशी, धास्तावलेल्या मनाने. खाडीपल्याड यांनी त्याबद्दल जे लिहिले आहे, ते शास्त्राला धरून आहे. पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा गाभा असा की त्रासाची मात्रा कानातील आवाजापेक्षा मेंदूतील भावना आणि सावधपणा यांच्या यंत्रणांवर अवलंबून असते. दवाखान्यात बाहेरच्या स्वराशी जुळवून पाहिल्यास हा आवाज साधारणतः त्या माणसाला ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा १० ते १५ डेसिबलच वर भरतो. इतका लहान आवाज माणसाला रात्रभर जागे ठेवतो, कारण त्याला धोक्याची सूचना म्हणून नोंदवले गेलेले असते.

आता तुमचे प्रश्न. नुकताच सुरू झालेला टिनिटस, म्हणजे कानात वाजणारा असा आवाज, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप जाऊ शकतो. सहा महिन्यांहून अधिक टिकला तर त्याला दीर्घकालीन म्हणतात. त्यानंतरही तो विरल्याची उदाहरणे आहेत, परंतु त्या आशेवर दिवस काढू नयेत. त्रास कमी होण्याची शक्यता मात्र खूपच चांगली असते आणि बहुसंख्य लोकांचा तो कालांतराने कमी होतो. टिनिटसमुळे बहिरेपण येत नाही. येथे श्रवणहानी हे कारण आहे आणि आवाज हा तिचा परिणाम. पुढची हानी होईल की नाही, हे तुम्ही यापुढे कान किती जपता यावर ठरेल.

एमआरआयबद्दल. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, आवाज एकाच कानात असणे, तो नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणे, दोन कानांच्या श्रवणात ठळक फरक असणे किंवा मज्जासंस्थेची इतर लक्षणे असणे, यांपैकी काही असेल तर प्रतिमाचाचणी करावी. तुमच्या दोन्ही रेषा जवळजवळ सारख्या आहेत. तरीही अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. एक गोष्ट मात्र सर्वांनीच लक्षात ठेवावी: तीन दिवसांच्या आत एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर ती तातडीची बाब असते, कारण स्टिरॉइड उपचाराचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो. मळ साचला असेल म्हणून तेव्हा थेंब घालत बसू नये.

औषधांविषयीची तुमची निराशा निराधार नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेने मार्च २०२० मधील सूचनांत केवळ टिनिटससाठी बीटाहिस्टीन देऊ नये असे म्हटले आहे. चक्कर हा त्या औषधाचा मूळ विषय आहे. गिंको, जस्त आणि मेलाटोनिन यांची शिफारस करू नये, असे २०१४ च्या अमेरिकी सूचना सांगतात. जाहिरातींत दिसणारे "तीस दिवसांत मुक्ती" देणारे थेंब यांहून वेगळे काही देत नाहीत.

"साठ" आणि "आठ" यांतील घोळ मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटला. "स" या व्यंजनाची ऊर्जा वरच्या पट्टीत असते, तुमचा कान तिथेच उणा आहे, आणि साध्या फोन कॉलमध्ये ३४०० हर्ट्झच्या वरचे फारसे काही येतच नाही. म्हणून "साठ"मधला "स" गळून "आठ" उरतो. हा मेंदूचा किंवा स्मृतीचा दोष नाही. अशा श्रवणहानीसाठी कानाचे तोंड मोकळे ठेवणारे, पातळ तारेचे श्रवणयंत्र लावून पाहता येते. वरच्या पट्टीतले जगाचे आवाज मेंदूला पुन्हा मिळू लागले की बऱ्याच जणांना यंत्र लावलेले असताना शिट्टी मागे सरकल्यासारखी वाटते. सर्वांनाच वाटते असे नाही, म्हणून विकत घेण्याआधी काही दिवस वापरून पाहण्याची मुभा मागून घ्यावी.

उत्तर: निर्गुडी (सावंतवाडी)

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे आणि माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न कानात तेल घालण्याबद्दलच असतो. सुश्रुतांनी कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनादाचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्यामुळे परंपरेला हा त्रास ठाऊक होता यात शंका नाही. परंतु पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल तर तेल घातल्याने हानी होते, आणि छिद्र आहे की नाही हे दुर्बिणीने पाहिल्याशिवाय कळत नाही. लसूण घालून कडकडीत केलेले मोहरीचे तेल कोमट झाले असे समजून कानात ओतल्यामुळे भाजलेली कर्णनलिका मी पाहिली आहे. नष्ट झालेल्या केसपेशी तेलाने परत येत नाहीत.

तुम्ही एक गोष्ट मात्र आरशासमोर करून पाहा. जबडा पुढे काढल्यावर, दात घट्ट आवळल्यावर किंवा मान एका बाजूला वळवून धरल्यावर शिट्टीची पट्टी अथवा तीव्रता बदलते का? बदलत असेल तर जबड्याच्या सांध्याचा आणि मानेच्या स्नायूंचा त्यात वाटा असू शकतो, आणि तिथे दंतवैद्य व फिजिओथेरपिस्ट यांचा उपयोग होतो. दिवसभर हिशेबाच्या वहीवर मान वाकवून बसणाऱ्या माणसात हे विशेष पाहावे.

पंचगंगाकाठ (इचलकरंजी)

सर्वांचे मनापासून आभार. "साठ" आणि "आठ" यांचा उलगडा वाचून मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला, कारण मला विसरभोळेपणा लागत आहे अशी शंका आम्हा दोघांच्याही मनात होती. जबडा पुढे काढल्यावर आवाज किंचित चढतो, असे आढळले.

आणखी दोन शंका आहेत. मागच्या आठवड्यात भाच्याच्या लग्नात बँडच्या जवळून जावे लागले आणि त्यानंतर दोन दिवस शिट्टी चांगलीच वाढली होती. असे वाढले की आणखी पेशी गेल्या असे समजायचे का? त्या भीतीने मी आता घरातही कापसाचे बोळे घालून बसतो, कुकरची शिट्टीदेखील सहन होत नाही. दुसरे म्हणजे, कारखान्यात कोणीच कानांना काही लावत नाही. मी लावले तर जॉबर आणि मागवाले हसतील याची पर्वा नाही, पण त्याचा उपयोग होतो का?

उत्तर: श्रवणरेषा (पुणे)

आधी घरातले बोळे काढा. मोठा आवाज नसलेल्या जागी कान बंद ठेवले की बाहेरून येणारे संदेश आणखी घटतात, मेंदूची संवेदनशीलता आणखी वाढते, आणि शिट्टी तर चढतेच, शिवाय भांड्याचा किंवा कुकरचा साधा आवाजही टोचू लागतो. तुमच्या बाबतीत ती सुरुवात झालेली दिसते. घरात कान मोकळे आणि शेडमध्ये कान झाकलेले, असा साधा नेम ठेवा. आज तुमचे नेमके उलट चालले आहे.

शेडचे गणित असे आहे. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतील नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहता येते आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला केवळ १५ मिनिटे. भारतात कारखाने अधिनियम १९४८ खालच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा होती. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज सर्रास ९० च्या वर असतो. तुमच्या खोलीत तो किती येतो, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. मोबाइलवरील मापकाने ढोबळ अंदाज येईल. पत्र्याच्या दाराऐवजी जाड लाकडी दार बसवून फटींना रबराची पट्टी लावली तर पुष्कळ फरक पडतो, आणि मालकाला पटवायला हा खर्च फार नाही.

फोमचे बोळे वापरणार असाल तर ते नीट बसवावे लागतात. स्वच्छ हातांनी बोळा बोटांत फिरवत बारीक वळकटी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, वळकटी आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत बोट टेकवून धरायचे. बोळ्याचा मोठा भाग बाहेर दिसत असेल तर तो नावापुरताच आहे. घाम फार येत असेल तर कानावर बसणारे मफ बरे. कापसाने जवळजवळ काहीच अडत नाही.

लग्नातल्या बँडविषयी. तात्पुरती वाढ ही बहुधा दमलेल्या कानाची आणि चाळवलेल्या मज्जासंस्थेची प्रतिक्रिया असते आणि ती दोन-चार दिवसांत ओसरते, जशी तुमची ओसरली. वाढ टिकून राहिली किंवा ऐकू कमी येऊ लागले तर चाचणी पुन्हा करावी. पुढच्या वरातीत खिशात बोळे ठेवा, एवढे पुरेसे आहे. लग्नकार्ये टाळू नका.

थोडे विषयांतर: आवाजामुळे आलेली श्रवणहानी ही २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य आजार म्हणून दिलेली होती, आणि कर्मचारी राज्य विमा कायद्यातही तिला स्थान होते. तुमच्या कारखान्याला आणि तुमच्या पगाराला आता यातले काय लागू पडते, हे पाहून घ्या. हिशेब तुम्हीच ठेवता, तेव्हा कागद शोधणे तुम्हाला अवघड जाऊ नये.

उत्तर: मध्यमा (नाशिक)

मी समुपदेशक आहे आणि काही वर्षांपूर्वी मला स्वतःला हा त्रास सुरू झाला, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. टिनिटसवरील मानसोपचारांत बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २८ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात या उपचाराने टिनिटसचा जगण्यावरील परिणाम कमी होऊ शकतो असे दिसले. आवाज घटवणे हा या उपचाराचा दावाच नाही. "म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?" असा प्रश्न अनेकांना येथे अपमानास्पद वाटतो. कानाची इजा खरीच आहे. तिच्यावरून मनात जी साखळी सुरू होते, तिच्यावर हा उपचार काम करतो.

पंचगंगाकाठ, तुमचीच रात्र घेऊ. अडीचला जाग येते. शिट्टी ऐकू येते. "आज पुन्हा झोप गेली, उद्या हिशेबात चूक होणार, असेच चालले तर नोकरी जाणार, म्हातारपणी मला काही ऐकू येणार नाही." पहिले वाक्य वगळता बाकी सारे भाकीत आहे, परंतु छाती धडधडते ती त्या भाकितानेच, आणि धडधडीमुळे आवाज अधिक ठसठशीत होतो. आम्ही ही वाक्ये दिवसा, उजेडात, कागदावर उतरवून घेतो आणि प्रत्येकासमोर त्याच्या बाजूचा व विरुद्ध बाजूचा पुरावा लिहायला सांगतो. उदाहरणार्थ, वाईट रात्रीनंतरच्या दिवशी वहीत खरोखर किती चुका झाल्या, हे तुम्हाला तारखेनिशी तपासता येईल. बहुधा भाकीत आणि वही यांचे जुळत नाही. एकदोनदा जुळलेच तर त्याचाही विचार करता येतो, पण तो अडीच वाजता अंथरुणात करायचा नाही.

झोपेविषयी एक कडक वाटणारी सूचना. वीसेक मिनिटांत पुन्हा झोप लागली नाही तर अंथरुणातून उठावे, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणे वाचावे आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. घड्याळ पाहू नये. रात्री कितीही जागरण झाले तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये आणि दुपारची डुलकी काही आठवडे सोडावी. चहा-कॉफी एकदम बंद करण्याची गरज नाही, कारण ती अचानक सोडल्याने डोके दुखते आणि मग तोही एक नवा काळजीचा विषय होतो. संध्याकाळनंतरचा कप टाळला तरी पुरे.

जे नुसते वाचत आहेत, त्यांच्यासाठीही लिहिते. हा आवाज सोसण्यापेक्षा जगणेच नको, असा विचार काहींच्या मनात येतो आणि तो ते कोणालाच सांगत नाहीत. तसे होत असेल तर आजच घरातल्या एका माणसाला सांगा आणि टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर बोला. तो दूरध्वनी दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. सोबत नैराश्य असेल तर त्याच्यावर औषधे घेण्यात कमीपणा नाही. औषधे टिनिटसवर चालत नाहीत असे वर लिहिले आहे, ते नैराश्याला लागू नाही.

पंचगंगाकाठ (इचलकरंजी)

मध्यमाताई, आपण माझे मन उघडून वाचल्यासारखे लिहिले आहे. माझ्या चुकांची वही खरोखरच कारखान्यात आहे, कारण दुरुस्त केलेल्या प्रत्येक नोंदीवर मला सही करावी लागते. ती मी तारखेनुसार पाहीन. फोमचे बोळे मागवले आहेत. श्रवणयंत्र वापरून पाहायचे झाले तर ते कोल्हापूर-मिरजेकडे पाहावे की मुंबईला जावे, आणि जाताना सोबत काय न्यावे, एवढे सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर: श्रवणरेषा (पुणे)

जवळच पाहा. यंत्र बसवल्यानंतर आवाजाची जुळणी करण्यासाठी तीन-चार वेळा जावे लागते आणि मुंबईचे हेलपाटे तुम्हाला जमणार नाहीत. दुसरे मत हवे असेल तर वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही याच विषयाची केंद्र शासनाची संस्था आहे. तेथे श्रवणचाचणी होते आणि श्रवणयंत्रेही बसवली जातात.

सोबत जुना ऑडिओग्राम न्या, घेतलेल्या सर्व गोळ्यांची यादी न्या, आणि त्यात मधुमेह, रक्तदाब किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांचाही समावेश करा, कारण मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिनसारखी काही औषधेही कान वाजवतात. चाचणीच्या आदल्या दिवशी शेडमध्ये जाऊ नका, कारण गोंगाटातून थेट आलेला कान काही तास खऱ्यापेक्षा कमी ऐकतो आणि नोंद चुकते. तेथे गेल्यावर टीएचआय ही २५ प्रश्नांची प्रश्नावली भरून मागा. शून्य ते १०० असे तिचे गुण असतात आणि अधिक गुण म्हणजे अधिक त्रास. सहा महिन्यांनी तीच पुन्हा भरा. न्हाणीघरातल्या मोजमापापेक्षा हे मोजमाप विश्वासार्ह आहे. यंत्र वापरून पाहताना पत्नीला बरोबर न्या आणि तिला पाठमोरी उभी राहून "साठ, आठ, सात" असे आकडे उलटसुलट म्हणायला सांगा.